नोड आणि डॉकरच्या वर्गात झालेली फसवणूक : ठाण्यातील एक अनुभव

ठाणे पश्चिमेला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेने गेल्या वर्षी नोड जेएस (जावास्क्रिप्ट भाषेतील प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवणारी प्रणाली) आणि डॉकर (ॲप त्याच्या सगळ्या फायलींसह वेगळ्या कप्प्यात चालवणारी प्रणाली) शिकवण्याचे 65,000 रुपये माझ्याकडून घेतले आणि त्याखेरीज ‘डॉकर परवाना शुल्क’ म्हणून 8,500 रुपये वेगळे वसूल केले. ऐरोली-महापेतील आयटी कंपन्यांत हमखास नोकरी मिळेल, असे जाहिरातीत सर्वांत ठळक अक्षरांत छापले होते. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही. फसवणुकीची पद्धत मात्र तपशिलाने सांगते, कारण पाटीवरचे नाव केव्हाही बदलता येते.

आधी परवान्याविषयी. रायन डाल यांनी 2009 मध्ये लोकांसमोर आणलेले नोड जेएस मुक्त स्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेले, असून ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. 2013 मध्ये आलेल्या डॉकरचे लिनक्स या संगणक प्रणालीवर चालणारे इंजिन, म्हणजे त्याचा मूळ भागही, तसेच आहे. आम्ही हरकत घेतली तेव्हा संस्थेने 2021 मधील एक बातमी पुढे केली आणि ‘डॉकर आता पैसे घेते’ असे सांगितले. हे अर्धसत्य होते आणि म्हणूनच ते पटण्यासारखे होते. त्या वर्षी बदलल्या त्या फक्त डॉकर डेस्कटॉप या, स्वतःच्या संगणकावर डॉकर वापरण्यासाठीच्या, प्रणालीच्या अटी, आणि त्यानुसार 250 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या अथवा वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनाच शुल्क भरावे लागते. स्वतः शिकणाऱ्यांना आणि शैक्षणिक वापराला ते आजही मोफत आहे. म्हणजे जो परवाना मला घ्यावाच लागत नव्हता, तो मला विकला गेला.

मी वागळे इस्टेटमध्ये हिशेबाचे काम करते, त्यामुळे पावती पाहण्याची सवय आहे. शुल्कावर 18 टक्के जीएसटी लावला होता, पण पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक 27 या अंकांनी सुरू होतो आणि तो खरा आहे की नाही, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क तपासता येते. मी क्रमांक मागितल्यावर ‘पुढच्या पावतीत येईल’ असे उत्तर मिळाले, आणि ती पुढची पावती कधीच आली नाही.

खरी गंमत मात्र ‘आमच्या तज्ज्ञांनी घडवलेले खास लॅब वातावरण’ म्हणून दिलेल्या डॉकर इमेजमध्ये होती. इमेज म्हणजे ॲप आणि ते चालवायला लागणाऱ्या सगळ्या फायली यांचा तयार साचा. त्यातूनच कंटेनर, म्हणजे ॲप चालण्याचा स्वतंत्र कप्पा, सुरू होतो. प्रत्येक इमेजचा आयडी तिच्यातील मजकुरावरून ठरतो, त्यामुळे तिला दुसरे नाव चिकटवले तरी आयडी बदलत नाही. ऐरोलीत काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने डॉकर हब या इमेजच्या ऑनलाइन संग्रहावरची नोडची 14 व्या आवृत्तीची अधिकृत इमेज उतरवून घेतली आणि ‘डॉकर इमेजेस’ ही, संगणकावरील इमेजची यादी दाखवणारी, आज्ञा चालवली. यादीत नावे दोन होती, एक त्या इमेजचे आणि एक संस्थेचे, पण आयडी एकच होता. तज्ज्ञांनी घडवले होते ते फक्त नाव. शिवाय नोडच्या 14 व्या आवृत्तीचा आधार एप्रिल 2023 मध्येच संपला आहे, म्हणजे तिच्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी आता नोडच्या प्रकल्पाकडून दुरुस्त होत नाहीत. नवी पॅकेजेस (तयार कोडचे संच) घेताना एनपीएम हे त्यासाठीचे नोडसोबत येणारे साधन आवृत्तीबद्दल इशारे देत असे आणि आमचे शिक्षक ‘वॉर्निंग आहे, एरर नाही, पुढे चला’ म्हणत. शिकणाऱ्याने नोडची सम क्रमांकाची, दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती घ्यावी, एवढेही वर्गात कोणी सांगितले नाही.

सर्वांत जास्त त्रास झाला तो ‘सुलभ हप्त्यां’चा. प्रवेशाच्या दिवशी मोबाइलवर आलेले ओटीपी संस्थेच्या टेबलावरच भरून घेण्यात आले. ते प्रत्यक्षात एका वित्तीय कंपनीचे माझ्या नावावरचे कर्ज आणि खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याची परवानगी होती. शुल्काची संपूर्ण रक्कम संस्थेला एकदम मिळाली. वर्ग मध्येच बंद पडले तरी हप्ते चालूच राहिले, आणि हप्ता बुडवला असता तर त्याची नोंद माझ्या सिबिल अहवालात झाली असती. म्हणून ओटीपी देण्यापूर्वी त्यासोबत आलेला संदेश पूर्ण वाचावा आणि त्यात ‘लोन’ किंवा ‘मँडेट’ (आपोआप हप्ता कापण्याची परवानगी) हा शब्द दिसल्यास करारपत्राची प्रत हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मी प्रथम वित्तीय कंपनीकडे लेखी तक्रार केली. 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि ती केल्यानंतर उरलेले हप्ते थांबले. आधी कापलेले पैसे परत आलेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही नोंद केली. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. त्यांचा आधार घेऊन जाहिरातीची छापील प्रत, दोन्ही पावत्या आणि एकच आयडी दाखवणाऱ्या त्या यादीचे चित्र मी जिल्हा ग्राहक आयोगातील तक्रारीला जोडले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. माझ्या वर्गातील काही जण अजूनही हप्ते भरत आहेत; त्यांनी निदान आपल्या पावत्या आणि कर्जाचे करारपत्र आताच मागून घ्यावे.