मराठी टायपिंग: फोनेटिक टाकून मोकळं व्हावं की इनस्क्रिप्ट शिकावं?

तासगावकडच्या एका शाळेतल्या बाई परवा दुकानात आल्या होत्या, मुलांची ओळखपत्रं छापायला. काम होईपर्यंत बसल्या आणि म्हणाल्या, दादा, शाळेचं सगळं आता मराठीतच टाईप करायला लागतंय, मी मोबाईलवर लिहून स्वतःलाच मेल करते आणि मग लॅपटॉपवर पेस्ट करत बसते, हे काय खरं नाही, तर लॅपटॉपवर फोनेटिक टाकून देऊ का ते इनस्क्रिप्ट का काय ते शिकू? दुकानात गिऱ्हाईकं उभी होती म्हणून तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं, पण ते नीट सांगितल्यासारखं वाटलं नाही. असाच प्रश्न अजून बऱ्याच जणांना पडलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. फोनेटिक म्हणजे इंग्रजी अक्षरांत मारायचं आणि टूल त्याचं मराठी करतं, इनस्क्रिप्ट म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची ठरलेली बटणं.

मी सांगलीत विश्रामबागला डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, मंडळाच्या पावत्या, वास्तुशांतीची कार्डं, हेच रोजचं. आधी सात वर्षं फोनेटिक वापरलं, गेली सहा वर्षं इनस्क्रिप्ट. म्हणजे दोन्हीवर पोट भरून झालंय, त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या हाताचं आहे, कुठलं मोजमाप नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. जीसीसी-टीबीसीची, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर टायपिंगची, मराठी ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा द्यायची असेल तर हा प्रश्न तुमचा नाहीच, तिथे जुन्या टाईपरायटरची रेमिंग्टन पद्धत चालते, इन्स्टिट्यूटमध्ये विचारून तेच शिका. आणि श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या फाँटांत नवीन काही टाईप करायला घेऊ नका. समोरच्याकडे तो फाँट नसला की अख्खं पत्र भलत्याच चिन्हांचं दिसतं, आणि त्यात शोधाशोध तर होतच नाही. खाली जे काय बोलतोय ते सगळं युनिकोडमधलं, म्हणजे जे कुठल्याही मशिनवर मराठीच दिसतं.

आता फोनेटिक. त्याची बाजू खरोखर तगडी आहे, ते मान्यच करायला पाहिजे. शिकायला काहीच नाही. इंग्रजी अक्षरं माहितीयत ना, मग बसा आणि सुरू करा. विंडोज १० ला २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच मिळतं, वेगळं काही उतरवायला नको, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलं की झालं. मोबाईलवर जीबोर्डला पण तीच सोय आहे. माझी आई पासष्टीत आहे, ती मोबाईलवर असंच टाईप करते आणि तिचं छान चाललंय. दिवसाला चार ओळींचा मेसेज, कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, एखादा छोटा अर्ज, एवढंच असेल तर पुढचं वाचायची पण गरज नाही, फोनेटिक घ्या आणि निवांत राहा. बोलून टाईप करणं पण आता बरंच जमायला लागलंय, पण माझ्या दुकानात मागं प्रिंटर चालू, पुढं रस्ता, तिथं ते उपयोगाचं नाही.

पण ज्यांना रोज पानभर लिहायचंय त्यांच्यासाठी फोनेटिकची एक गोष्ट मला शेवटपर्यंत सोसली नाही, आणि खरं सांगायचं तर मी तेवढ्या एका कारणावरून सोडलं. ते शब्द स्वतः ठरवतं. तुम्ही इंग्रजी अक्षरं देता, ते त्यातून अंदाज बांधतं आणि यादी पुढं करतं, स्पेस दाबला की यादीतला पहिला शब्द बसतो. आता मराठीत ट आणि त दोघांना टी, ड आणि द दोघांना डी, न आणि ण दोघांना एन, ल आणि ळ दोघांना एल, म्हणजे अंदाज बांधायला जागाच जागा. नेहमीच्या शब्दांना बरोबर येतं, अगदी पटापट येतं, आणि त्यामुळेच माणूस बेसावध होतो.

माझं झालं असं. मार्चमधली लग्नसराई, एका दिवसात नऊ पत्रिका होत्या. त्यातल्या एकीत निमंत्रकांचा पत्ता होता, पाटील मळा, आणि पुढं रस्त्याचं नाव. मी एम-ए-एल-ए मारलं, स्पेस दाबला, डोळे हातातल्या कागदावर. बसलं काय, तर "मला". पाटील मला. प्रूफ घरच्यांना दाखवलं, त्यांनी तारीख, मुहूर्त, नावं, मामा-काकांचा क्रम सगळं तपासलं, पत्त्याकडं कोण बघतंय, स्वतःचाच पत्ता. ४०० पत्रिका छापून झाल्या आणि गठ्ठा घ्यायला आलेल्या आजोबांनी उभ्या उभ्या पहिलीच पत्रिका वाचली आणि म्हणाले, बाळा, आमचा मळा कुठं गेला?

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला ते फार लागलं. त्या माणसाची सगळी ओळख त्या मळ्यावरून, गावात कुणी नाव विचारत नाही, मळा कुठला ते विचारतात. सगळ्या पत्रिका मी माझ्या खर्चानं परत छापून दिल्या. पैशाचं काही नाही, पण त्या रात्री ठरवलं की आपण जे अक्षर मारू तेच उमटलं पाहिजे, मधे कुणी अंदाज करणारा नको.

यावर कुणी म्हणेल, नीट बघून यादीतून निवडायचं ना. बरोबर आहे, निवडता येतं. पण मग प्रत्येक शब्दाला डोळे कागदावरून स्क्रीनवर, स्क्रीनवरून परत कागदावर, आणि ओळ चुकली की पहिल्यापासून शोधा. घरचं पत्र लिहिताना ठीक आहे, कारण मजकूर डोक्यातच असतो. समोरचा कागद बघून उतरवायचं असेल तर मान आणि डोळे दोन्ही दुखतात. आणि आपल्याकडची नावं बघा की, अंकलखोप, ऐतवडे, कवठेमहांकाळ, बुधगाव, यातली काही येतात, काही येत नाहीत. आडनावांचं तर विचारूच नका. नवीन टूल आधीपेक्षा सुधारलीत, आपण निवडलेले शब्द लक्षात पण ठेवतात, हे मी नाकारत नाही, पण नवीन गिऱ्हाईक नवीन आडनाव घेऊनच येतंय.

इनस्क्रिप्टकडं येतो. बहुतेक जण कीबोर्डवरची ती अक्षरं बघूनच घाबरतात, क च्या जागी के आहे ते समजतं, पण त ला एल आणि स ला एम कसं काय, असं वाटतं. इंग्रजीशी जुळवायला गेलं तर डोकंच फिरेल. ते आपल्या मुळाक्षरांच्या तर्कावर बसवलंय. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी पुढं आणली, बहुतेक सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. शिफ्ट धरलं की क चा ख होतो, ग चा घ, त चा थ, प चा फ, ब चा भ, म्हणजे शाळेत जे जोड्या जोड्यांनी घोकलं तेच. मात्रेच्या बटणावर शिफ्ट धरलं की पूर्ण स्वर, ि चा इ, ी चा ई. हे एकदा समजलं की निम्मी बटणं पाठ करायलाच लागत नाहीत.

बोटं ठेवायची जागा बघा, उजव्या हाताखाली र, क, त, च आणि डाव्या हाताखाली ो, े, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), ि. मराठीत नेहमी लागणारी बरीच अक्षरं बोटं न हलवता येतात. सांगली लिहायचं तर एम, ई, एक्स, आय, एन, आर, सहा बटणं आणि मधे काही निवडायचं नाही. जोडाक्षराला दोन अक्षरांच्या मधे डी दाबायचं, तो हलन्त. रफार वेगळा शिकायचा नाही, आधी र, मग डी, मग पुढचं अक्षर, सूर्य झाला. ज्यांचा हात जुन्या टाईपरायटरवर बसलाय त्यांना एकच अडचण येते, तिथं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय असते, इथं आपण उच्चारतो तशी अक्षरानंतर.

आणि आता मला सगळ्यात जवळची गोष्ट, ऱ्या आणि ऱ्हा. शेतकऱ्यांना, दुसऱ्या, सातबाऱ्यावर, गुऱ्हाळ, गिऱ्हाईक, आपल्या भागात या अक्षराशिवाय दिवस जात नाही. चौकाचौकात बॅनरवर "शेतकर्यांना" असं रफार दिलेलं दिसतं ना, ते बऱ्याचदा त्या माणसाला येत नाही म्हणून नसतं, टूलनं दिलेलं तसंच राहून गेलेलं असतं. इनस्क्रिप्टला शिफ्ट धरून जे मारलं की ऱ, मग डी, मग य किंवा ह, विषय संपला. गुऱ्हाळ म्हणजे आय, जी, शिफ्ट जे, डी, यू, ई, शिफ्ट एन. शेवटचं शिफ्ट एन म्हणजे ळ, आणि तो मळा माझ्याकडून परत कधी हरवला नाही.

यात अजून एक आतली गोम आहे, ती मला एका सोसायटीची सभासद यादी करताना कळली. हाच ऱ् युनिकोडमध्ये दोन पद्धतीनं साठवला जातो, एकतर स्वतंत्र ऱ आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे. पण यादीचा अर्धा भाग त्यांच्या मुलानं घरी वेगळ्या टूलवर केलेला आणि अर्धा मी इनस्क्रिप्टवर, आणि शोधायला कुऱ्हाडे टाकलं तर अर्धेच कुऱ्हाडे सापडायला लागले. पाऊण दिवस गेला त्यात. शाळेत हजेरीपट, निकालपत्रक, दाखले करताय तर हे लक्षात ठेवा, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं टाईप केलं तरच नाव शोधल्यावर सापडतं.

जतकडचे लोक कधी कधी पत्रिकेची एक बाजू कन्नडमध्ये मागतात. आता कन्नड मला जेमतेम वाचता येतं, पण मांडणी तीच असल्यामुळं क च्या बटणावर कन्नड क येतो, त च्या बटणावर त, त्यामुळं ते समोर बसून अक्षर सांगतात आणि मी मारत जातो. हा फायदा प्रत्येकाला लागेल असं नाही, मला लागला.

इनस्क्रिप्टचे तोटे पण सांगायला पाहिजेत. पहिले दहा-बारा दिवस जीव नकोसा होतो. मी तर पहिल्या आठवड्यात रात्री घरी सराव करायचो आणि दुकानात दिवसा फोनेटिकच वापरायचो, कारण गिऱ्हाईक थांबत नाही. साधारण तीन आठवड्यांनी बोटं आपोआप जायला लागली, दोन महिन्यांनी फोनेटिकपेक्षा वेग आला. जी पत्रिका आधी वीस मिनिटं घ्यायची ती आता आठ-नऊ मिनिटांत होते, आणि त्यातली मोठी बचत टायपिंगची नाही, चुका शोधायची आहे. दुसरं म्हणजे ॲ. माझ्या जुन्या मशिनवर मराठी कीबोर्डला हिंदीतला ऍ यायचा, ॲप किंवा ॲडव्हान्स लिहायचं म्हटलं की दुसरीकडून कॉपी करावं लागायचं. तुमच्या लॅपटॉपवर ॲ कुठं आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. आणि मोबाईलवर इनस्क्रिप्टच्या नादाला लागू नका, तिथं दोन अंगठ्यांनी टाईप करतो आपण, त्या मांडणीचा फायदाच मिळत नाही. मी स्वतः मोबाईलवर अजून फोनेटिकच वापरतो.

म्हणजे बाई, तुमच्यासाठी माझं मत विचाराल तर, वर्षातून दोन-चार पत्रं असती तर मी फोनेटिकच म्हणालो असतो. पण तुम्हाला नोंदी आहेत, अहवाल आहेत, मुलांची नावं आहेत. दाखल्यावर एखाद्या पोराच्या आडनावातला ळ चा ल झाला तर ते पोर पुढं दहावी-बारावीपर्यंत नाव दुरुस्त करत फिरतं. तिथं अंदाजावर चालणारं काही नको असं मला वाटतं.

सुरुवात अशी करा. विंडोजला मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्टचा कीबोर्ड येतोच, एक्सपीच्या काळापासून आहे तो. फोनेटिक पण काढू नका, दोन्ही ठेवा, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून अदलाबदल होते. रनमध्ये ओएसके टाईप केलं की स्क्रीनवर कीबोर्ड येतो, कुठलं अक्षर कुठं ते त्यात दिसतं, त्याची प्रिंट काढून भिंतीला लावा. बटणांवर स्टिकर लावायचे असतील तर लावा, पण मी लावले नाहीत, स्टिकर असले की मान खाली जाते आणि हात बसायला उशीर होतो. रोज अर्धा तास, आणि पाठ्यपुस्तकातले उतारे घेऊ नका, तुमच्या वर्गाचा हजेरीपटच घ्या, तीच तीच नावं रोज मारायची. निकालपत्रकं एप्रिलमध्ये येतात, आत्ता बसलात तर तोवर हात बसलेला असेल. आणि ऱ अडला तर फोन करा, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.