घरबसल्या भाडेकरार नोंदणी (ठाणे): सेवा झकास, मसुदा मात्र स्वतः वाचा

नोंदणी विभागाची ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे आपला भाडेकरार) सेवा ठाण्यात बहुतेक जण एजंटमार्फतच वापरतात. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, दुय्यम निबंधकाकडे खेटे घालावे लागत नाहीत. पाचपैकी चार गुण. एक कापला तो एजंटच्या साचेबंद मसुद्यासाठी.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. भाडं 20,000, डिपॉझिट 1 लाख, मुदत 12 महिने. एकूण भाडं 2,40,000, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून 10,000. या अडीच लाखांवर 0.25 टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क सुमारे 625 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. दस्तहाताळणी आणि एजंटचे पैसे वेगळे. तेवढे आधी ठरवून घ्या.

आता गंमत बघा. डिपॉझिट एक लाखाने कमी दाखवलं तर वर्षाला वाचतात फक्त 25 रुपये! तरी ‘निम्मं कॅश देऊ’ चालूच. पुढे वाद झाला तर त्या निम्म्याचा पुरावा भाडेकरूकडे नसतो. पूर्ण रक्कम आणि बँकेचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) करारात लिहून घ्या. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. आपल्याकडे मात्र मागेल तो आकडा.

अर्ज अडकतो तो पत्त्यावर. ‘घोडबंदर रोड’ हे गाव नव्हे. तिथे कावेसर, माजिवडे, कोलशेत असं महसुली गाव आणि सर्व्हे नंबर लागतो. मालकाच्या खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा) समोर ठेवूनच भरा. अंगठा जुळत नसेल तर आधी आधारचं बायोमेट्रिक लॉक उघडं आहे का पाहा, मग दुसरं बोट. वयस्कर मंडळींच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांचं आधार अपडेट आधीच उरका.

‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही’ म्हणणारा एजंट सरळ बदला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणी सक्तीची आहे, जबाबदारी मालकाची. नोंदवलेला करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

अंगठा देण्याआधी लॉक-इन (किती महिने करार मोडता येत नाही), नोटीस आणि रंगकामाची कपात ही तीन कलमं वाचा. नंतर चूक सापडली तर दुरुस्तीसाठी वेगळा दस्त करावा लागतो.