रंगाचे पोपडे आणि वरून रॅप : बेळगावातल्या एका दुकानाने मला कसं गंडवलं

गाडीच्या टपाचा नि बॉनेटचा रंग सुटलाय, पेंटिंगचा खर्च नको वाटतोय, आणि कुणीतरी सांगतंय की "रॅप मारून घ्या, सगळं झाकून जातं" असं ज्यांचं चाललं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रॅप म्हणजे रंगाऐवजी गाडीच्या अंगावर चिकटवतात ती रंगीत प्लास्टिकची पातळ फिल्म. दुकानाचं नाव देत नाही. तक्रार ग्राहक आयोगात आहे, तिथे जे व्हायचं ते होईल. पण ही युक्ती एकट्या त्या दुकानाची नाही, म्हणून ती कशी चालते ते सांगणं जास्त गरजेचं.

माझी गाडी जुनी लाल हॅचबॅक, पासिंग केए-22. खानापूरला घरासमोर उघड्यावरच उभी असते. आमच्याकडे उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात घाटाकडून येणारा धो धो पाऊस, दोन्ही तिने वर्षानुवर्षं अंगावर घेतलं. आधी टपावर पांढुरके डाग दिसायला लागले, मग पापुद्रे निघू लागले, मग बॉनेटवरही तेच. गाडीच्या रंगात खाली बेस कोट असतो, म्हणजे खरा लाल रंग, आणि त्याच्यावर पारदर्शक क्लिअर कोट. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा क्लिअर वर्षानुवर्षं झिजतो, ठिसूळ होतो आणि एक दिवस खालच्या रंगाची पकड सोडतो. एकदा सोडली की कडेने पाणी आत शिरतं आणि पोपडा रोज थोडा थोडा वाढत जातो.

ऑटोनगरातल्या ओळखीच्या पेंटर मिस्त्रींनी पूर्ण गाडी रंगवायचे 45,000 सांगितले. फक्त टप आणि बॉनेट केलं तर बरंच कमी, पण शेड जुळवताना थोडा फरक राहील असंही स्पष्ट बोलले. त्याच सुमारास मोबाइलवर रॅपची जाहिरात आली: 'रंग उडालाय? आता पेंटिंग विसरा.' दुकान बेळगावातच. काचेचा दर्शनी भाग, आत एसी, भिंतीवर थ्रीएम आणि एव्हरी डेनिसन या फिल्म कंपन्यांच्या नमुन्यांचे पंखे, म्हणजे पंख्यासारखे उघडणारे रंगीत तुकड्यांचे जुडगे, टांगलेले. मालक तरुण, बोलायला लाघवी. गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर हात फिरवला. पापुद्रा त्याच्या बोटाला लागला, तो त्याने झटकून टाकला.

"गुरुजी, काळजी सोडा की. वरून फिल्म बसली की आतलं कुणाला दिसतंय? रंग आहे तसा लॉक होतो."

या वाक्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं खपतं. चांगल्या, घट्ट रंगावर रॅप बसवला तर खालचा रंग खरंच उन्हापासून वाचतो आणि काही वर्षांनी फिल्म काढली की जसाच्या तसा सापडतो. सुटलेल्या रंगाचं मात्र उलटं आहे. फिल्म ज्याला चिकटते तो क्लिअर कोटच जागेवर नसेल, तर फिल्म चिकटली कशाला? पोपड्याला. आणि पोपडा कशाला चिकटलाय? कशालाच नाही.

हिशोब असा झाला: मॅट ग्रे रॅप, इंपोर्टेड कास्ट फिल्म (उन्हात न आकसणारी, चांगल्या प्रतीची), 32,000. 'सरफेस प्रिपरेशन', म्हणजे खालचा रंग घासून सपाट करणं, त्याचे वेगळे 6,000. मला ग्लॉस हवा होता. मालकाने मॅटच घ्या म्हणून बराच आग्रह धरला. चकचकीत फिल्मवर खालचा प्रत्येक खड्डा आरशासारखा उठून दिसतो आणि मॅटमध्ये तो दबतो, हे मला नंतर कळलं. त्याला ते तेव्हाच माहीत होतं. म्हणजे खालचा रंग सपाट करायचा नाहीये हे गाडी आत घेण्याआधीच ठरलेलं होतं, असं माझं मत.

अर्धी रक्कम रोख मागितली, अर्धी यूपीआयने. यूपीआयवर दुकानाचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. "अकाउंट भावाच्या नावावर आहे." बिल म्हणून जो कागद दिला त्यावर 'एस्टिमेट' छापलेलं, जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. आपल्याकडे कर्नाटकातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक 29 ने सुरू होतो, पलीकडे कोल्हापुरात 27 ने. पैसे देण्याआधी हे दोन आकडे बघायला एक मिनिट लागतं. सोबत एक वॉरंटी कार्ड होतं, पेनने लिहिलेलं: '5 वर्षे, सर्व पॅनेल'. फिल्म बनवणाऱ्या कंपन्या टप आणि बॉनेटसारख्या आडव्या भागांना दारांपेक्षा कमी वर्षं देतात, कारण ऊन तिथे सरळ पडतं. सगळ्या गाडीला एकच आकडा पेनने लिहून मिळतो, तेव्हा तो आकडा कंपनीचा नसतो.

गाडी ताब्यात दिली ती दिवेलागणीला, शटरच्या आत, ट्यूबलाइटखाली. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. आठवडाभर धुऊ नका म्हणाले, तेवढा सल्ला बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात टपावर नकाशासारख्या रेघा दिसल्या. क्लिअर जिथे संपतो आणि नुसता बेस कोट सुरू होतो, तो काठ. हिशोब साधा आहे. फिल्म साधारण 90 मायक्रॉनची, क्लिअरचा थर 40 ते 50 मायक्रॉनचा. एवढी पायरी एवढ्या पातळ फिल्मखाली लपतच नाही. फोन केला तर "उन्हात बसेल की, सेट व्हायला वेळ लागतो" असं उत्तर. फिल्म उन्हाने सेट होते हे खरं, पण खालची पायरी उन्हाने वितळत नाही.

एप्रिलमध्ये दारांच्या कडांना लाल रेघ डोकावू लागली. फिल्म आकसली होती. पावसाळा लागल्यावर तर बॉनेटवर फुगे आले, टपाच्या पुढच्या कडेची फिल्म उचलली आणि तिच्याखाली पाणी साचलं. बोटाने दाबलं की पाणी दुसरीकडे सरकायचं. दुकानात गेलो. "पावसात उघडी ठेवलाय तुम्ही, आम्ही काय करणार?" खानापुरात गाडी पावसात न ठेवता कुठे ठेवायची ते त्यालाच ठाऊक. मग वॉरंटी कार्ड पुढे केलं, तर त्याच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत छापलेली ओळ दाखवली: मूळ रंगाच्या दोषामुळे झालेल्या नुकसानीस दुकान जबाबदार नाही. मूळ रंगाचा दोष काढायचे 6,000 घेतलेत ना, असं विचारलं. "ते घासायचे होते, घासलं." इथे बोलणं संपलं.

माझा मेहुणा कोल्हापूरला असतो, त्याच्या ओळखीचा एक कारागीर रॅपचंच काम करतो. गाडी तिकडे नेली. जाताना कागल ओलांडल्यावर पोलिसांनी थांबवलं. आरसीवर रंग 'लाल' आणि समोर गाडी राखाडी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतल्या नोंदीत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, रंग बदलला तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. विमा कंपनीलाही कळवलेलं बरं. दुकानाने यातलं काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं तेव्हा "रॅप आहे हो, पेंट नाही, आरटीओ कोण बघतंय" एवढंच. सीमेवर राहणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. आपल्या कामांसाठी आठवड्यात कधी निपाणी, कधी कोल्हापूर, कधी चंदगड करावं लागतं, आणि परराज्याची पाटी दिसली की कागद आधी मागितले जातात.

कारागिराने बॉनेटच्या एका कोपऱ्याला हीट गन दाखवली आणि फिल्म हळूहळू ओढली. फिल्मबरोबर लाल रंगाचा हाताएवढा तुकडा निघून आला. खाली पत्रा, आणि पत्र्यावर तांबेरा.

"दाजी, ह्यात प्रायमर कुठाय?" मेहुण्याने विचारलं. कारागीर म्हणाला, प्रायमर आहे की, पण भलतंच. फिल्मच्या मागे पिवळसर चिकट थर होता. कडा आणि खोल खाचा धरून राहाव्यात म्हणून एक पातळ द्रावण मिळतं, 94 नंबरचं प्रायमर म्हणतात. ते फक्त कडांना, तेही थोडंसं लावायचं असतं. आमच्या दुकानदाराने ते सबंध बॉनेटभर फिरवलं होतं, म्हणजे सुटलेल्या पोपड्यांवर फिल्म निदान पैसे हातात पडेपर्यंत टिकावी. रंगाचं प्रायमर, जे पत्र्यावर मारायचं असतं, ते कुठेच नव्हतं. टपावर दोन ठिकाणी पुट्टी होती, थेट गंजावर. घासल्याच्या खुणा फक्त कडांजवळ.

फिल्मही कास्ट नव्हती. कारागिराने न ओढलेल्या भागातून चौकोनी तुकडा कापला, टेबलावर ठेवून गरम केला. तो डोळ्यांदेखत आकसला. शेजारी त्याच्याकडच्या कास्ट फिल्मचा तुकडा तसाच पडून राहिला. फरक बनवण्यातला आहे. कास्ट फिल्म पातळ द्रव पसरून भट्टीत वाळवतात, तिच्यात ताण नसतो. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरमधून दाबून ताणत काढतात, त्यामुळे ऊन लागलं की ती मूळ आकाराकडे परतू बघते. दुकानाच्या पाटीला, सपाट काचेला ती चालते. आरशाच्या फुगवट्यावर आणि बंपरच्या वळणावर ती टिकत नाही. खात्री करायची तर फिल्म लावताना स्वतः उभं राहावं आणि मागचा कागद बघावा. नामांकित कंपन्या त्यावर आपलं नाव छापतात. तो कागद मागून घ्या, देत नसेल तर गाडी बाहेर काढा. नमुन्याचा पंखा भिंतीवर कुठल्या कंपनीचा लटकतोय याचा गाडीवरच्या फिल्मशी काही संबंध नसतो.

आणखी एक चाचणी त्याने दाखवली, ती घरीच होते. चांगली चिकटपट्टी रंगावर घट्ट दाबायची, विशेषतः पोपड्याच्या कडेला, आणि झटक्यात ओढायची. पट्टीला रंग लागून आला तर त्या पॅनेलवर रॅप नाही. मग सुटलेला सगळा क्लिअर काढायचा, काठ वॉटर पेपरने उतरता करायचा, गंज पत्र्यापर्यंत घासायचा, प्रायमर, गरज असेल तिथे पातळ पुट्टी, पुन्हा प्रायमर, रंग, क्लिअर. आणि एवढं करून लगेच रॅप नाही. ताज्या रंगातून सॉल्व्हंटची वाफ निघत राहते, ती फिल्मखाली अडकून फुगे येतात. पेंट बूथमध्ये, म्हणजे रंग गरम करून सुकवायच्या बंद खोलीत, भाजलेला नसेल तर रंगाला काही आठवडे सुकू द्यावं लागतं. फिल्म बनवणाऱ्या कंपन्याही स्वतः हेच लिहितात की रंग घट्ट धरलेला आणि पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर वॉरंटी नाही.

आता हा खर्च मांडून बघा. टप आणि बॉनेट एवढं करायचं तर ते रंगवूनच झालं, वर रॅप कशाला? ऑटोनगरच्या मिस्त्रींना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "भिंतीचा गिलावा सुटलाय, तुम्ही वर कागद चिकटवायला गेला होता, सर." आता गाडी त्यांच्याकडेच आहे. उरलेली फिल्म काढायला, तो चिकट थर साफ करायलाच आधी 8,000 गेले. दारांवरचा रंग मात्र वाचला, कारण तो मुळात चांगला होता.

तक्रारीबद्दल थोडं. ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथे मराठीत बोलता येतं. तिथून दुकानाला संदेश गेला, उत्तर आलं नाही. मग बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ई-जागृती पोर्टलवरूनही तक्रार दाखल होते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे घटनेपासून 2 वर्षांची मुदत आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. जे जपून ठेवलं ते कामाला आलं: यूपीआयची नोंद, 'एस्टिमेट' का असेना तो कागद, व्हॉट्सअॅपवरचं 'कास्ट फिल्म, सरफेस प्रिपरेशनसह' हे त्याचं स्वतःचं वाक्य, फिल्म काढतानाचा व्हिडिओ आणि कोल्हापूरच्या कारागिराने लिहून दिलेला कागद. काढलेल्या फिल्मचे तुकडे, त्यांना चिकटलेल्या लाल पोपड्यांसकट, पिशवीत घालून ठेवलेत.

दुकानाने उत्तर दाखल केलंय. म्हणतात, रंगाची अवस्था वाईट असल्याचं ग्राहकाला आधीच सांगितलं होतं आणि त्यासाठीच प्रिपरेशनचे वेगळे पैसे घेतले. आता त्या 6,000 मध्ये नेमकं काय काय केलं, कोणतं प्रायमर मारलं, फिल्म कुठल्या कंपनीची नि तिचं खरेदी बिल कुठे आहे, हे पुढच्या तारखेला त्यांना लेखी द्यायला सांगा, असा अर्ज मी दिलाय.