बोगस सर्पमित्र दारात आला तर आधी हे वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण वाचून दाखवा

पावसाळा सुरू झाला की ही माणसं पुन्हा गावोगाव फिरायला लागतात म्हणून लिहितेय. दोघं मोटारसायकलवर, एकाच्या खांद्याला मोठी झोळी, गळ्यात लॅमिनेशन केलेलं कसलंतरी आयकार्ड. आमच्याकडे आले तेव्हा घरात आबा म्हणजे माझे सासरे, आत्याबाई आणि मी, बाकी सगळे कामावर. आदल्या दिवशीच सरपणाजवळ सापाची कात सापडली होती (ती यांनीच आणून टाकली होती की खरीच होती देव जाणे) त्यामुळे आत्याबाई आधीच घाबरलेल्या. त्यातला थोरला ओसरीवर उभा राहिला, नाकाने जोरात वास ओढला आणि म्हणाला, "आजी, जोडी आहे घरात."

बोलणं एकदम सरळ वाटेल असं. सापामागे अमुक पैसे, आणि साप निघालाच नाही तर एक रुपया देऊ नका. आता यात फसवणूक कुठून दिसणार? पण सगळी मेख तिथंच आहे, कारण साप तो बरोबर घेऊनच आलेला असतो. कोठीच्या खोलीत एकटा गेला, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, सापाला माणसांचा वास लागला तर तो डूख धरतो म्हणे. दोन मिनिटात नाग घेऊन बाहेर. मग माळ्यावरून एक, न्हाणीच्या मोरीतून एक, आणि प्रत्येक सापागणिक आत्याबाई आणखी पैसे काढतायत. सगळे नाग एकाच झोळीत. नाग दुसऱ्या सापांना खातो, एका घरात एवढे नाग असे गुण्यागोविंदाने राहत नसतात, हे कळलं फार नंतर.

मग खरा धंदा सुरू झाला. त्याने एक मुळी काढून नागासमोर धरली आणि नाग मान खाली घालून मागे सरकला! आबा पण चकित. ही मुळी उंबऱ्यात पुरायची, घराच्या चार कोपऱ्यांना पावडर टाकायची म्हणजे घर "बांधलं" जातं, आणि चावलाच तर एक काळा खडा दिला, तो जखमेवर ठेवला की विष ओढून घेतो. सापांचे झाले त्याहून जास्त पैसे या मुळी-खड्याचे घेतले.

उघड कसं झालं तर शेजारच्या पोराने सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. पुढे एकदा रात्री अंथरुणाशेजारी खरा मण्यार निघाला, त्याच "बांधलेल्या" घरात, आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केल्यावर त्यांनी पाठवलेला सर्पमित्र आला. त्याने हुकने साप उचलून बरणीत घेतला, झाकण लावलं, नोंद केली, ना साप गळ्यात घातला ना सेल्फी काढू दिला. त्याला व्हिडिओ दाखवला तर त्याने तिथल्या तिथे थांबवून दाखवलं की नागाच्या तोंडाला दोरा आहे, शिवलंय तोंड. आणि मुळीचं म्हणाल तर आधी सापाच्या तोंडाला तापलेली सळई लावून लावून त्याला असं करतात की पुढे काहीही धरलं, साधी काडी धरली तरी तो मागे सरकतो. मला तर त्या सापाचीच जास्त दया आली.

पैसे गेले त्याचं एवढं नाही हो, पण त्या मुळीच्या भरवशावर आम्ही सगळे निर्धास्त होतो, आबा रात्री बॅटरी न घेता गोठ्यात जायचे आणि आम्ही खाली जमिनीवर झोपायचो. मण्यार रात्रीचा फिरतो, चावलेलं बऱ्याचदा दुखत पण नाही, झोपेतल्या माणसाला कळतच नाही काय झालं, आणि मग पापण्या जड व्हायला लागतात, श्वास अडकतो. अशा वेळी आत्याबाई तो काळा खडा लावून वाट बघत बसल्या असत्या हे नक्की, कारण तो त्यांनी देवघरात जपून ठेवला होता. खड्याने माणसं वाचल्याच्या गोष्टी सगळीकडे ऐकायला मिळतात, त्यातली बरीचशी माणसं बिनविषारी साप चावलेली असतात, आणि विषारी साप पण कधीकधी विष न सोडता चावतो, मग नाव खड्याचं होतं. भारतात सापाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं मरतात असा 2020 सालच्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यात खेड्यातलेच जास्त. औषध एकच, अँटीव्हेनम. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर तेच चालतं, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नका. चावलेला हातपाय हलवू देऊ नका, करकचून बांधू नका, कापू नका, 108 ला फोन करा.

त्या सर्पमित्राने पावडर फेकून द्यायला लावली, म्हणाला वासाच्या औषधांनी साप जात नाही, उंदीर गेले की जातो. सरपण भिंतीपासून लांब नेलं, मोरीला जाळी बसवली, दाराखालच्या फटी बुजवल्या, आता कॉटवर झोपतो आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचतो. कंटाळवाणं काम आहे, मुळी पुरण्यासारखं झटपट नाही.

आणि अजून एक, असा कुणी आला तर "मी पण आत येतो आणि झोळी आधी रिकामी करून दाखव" एवढंच म्हणा, बहुतेक वेळा पुढचं काम लगेच आठवतं त्यांना. साप पकडून असे खेळ करणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आमच्या त्या माणसाचा नंबर बंद लागतोय, तक्रार दिलीये, मोटारसायकलचा नंबर व्हिडिओत अर्धाच दिसतो. तुमच्याकडे कुणी व्हिडिओ काढला असेल तर ओरिजिनल फाइल डिलीट करू नका, फॉरवर्ड करून करून एवढा खराब होतो की तो दोरा दिसतच नाही.