स्पेनच्या व्हिसासाठी घेतलेले दोन विमे : काही महिने वापरल्यानंतर

इतके महिने पाठपुरावा केल्यावर काल रिफंड आला, आणि आकडा बघून डोकं फिरलं. रद्द केलेल्या प्रवास विम्यातून कंपनीने एवढे पैसे कापलेत की उरलेल्या रकमेत माझं बडोदा-मुंबई जाण्यायेण्याचं भाडंही निघत नाही. म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

स्पेनच्या डिजिटल नोमॅड व्हिसाला (बाहेरच्या देशातलं काम लॅपटॉपवर करत तिथे राहण्याचा व्हिसा) उत्पन्न किती दाखवायचं, अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात चालावीत म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) कुठे होतं, हे तुम्ही वाचलेलं असेलच. मी फक्त विम्याबद्दल बोलणार, कारण माझी फाइल तिथेच अडली.

रावपुऱ्यातले एजंटकाका म्हणजे आमच्या घरचेच. बाबांची मेडिक्लेम, गाडीचा विमा, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी एक प्रवास विमा सुचवला. माहितीपत्रकावर 'लाँग-स्टे व्हिसासाठी योग्य' असं ठळक छापलेलं, सर्टिफिकेटवर ३०,००० युरोंपेक्षा जास्त कव्हर, आणि तळाला बारीक अक्षरांत 'डिडक्टिबल १०० डॉलर', म्हणजे खर्चातले पहिले १०० डॉलर आपल्याच खिशातून. मी तेव्हाच विचारलं, "काका, हे चालेल ना?"

"अगं, सगळ्याच पॉलिसींत असतं ते. तिकडे कोण बघतंय!"

मी तेवढ्यावर थांबले नाही. कंपनीच्या माणसाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं की स्पेनला हे चालतं.

व्हिसा केंद्रातल्या बाईंनी सर्टिफिकेट हातात घेतलं, वरचं काही न वाचता थेट तळाशी गेल्या, त्या ओळीभोवती पेन्सिलने गोल केला आणि फाइल माझ्याकडे सरकवली. त्यांचं बरोबरच होतं. ३०,००० युरोंची अट ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपात फिरायला जायच्या व्हिसाची. स्पेनचा हा व्हिसा राहण्याचा आहे, २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून आलेला. त्याला स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचाच विमा लागतो आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत जे येतं ते सगळं त्यात यावं लागतं. म्हणजे डिडक्टिबल नको, दर भेटीला खिशातून द्यायचा कोपागो नको, प्रतीक्षाकाळ नको. आपली नेहमीची मेडिक्लेम इथे कामाचीच नाही. ती बहुधा देशाबाहेर चालत नाही, आणि आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते.

मग स्पॅनिश कंपनीचा विमा घेतला. वर्षाचा हप्ता एकरकमी. त्यावर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकी चलनात पैसे भरल्याबद्दल बँक लावते तो जादा आकार), मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. आई म्हणाली, एवढ्यात इथे सगळ्या घराची मेडिक्लेम झाली असती. मलाही तेच वाटत होतं. पत्र मात्र लगेच मेलवर आलं, हव्या त्या सगळ्या ओळींसकट, आणि फाइल घेतली गेली. एक सांगून ठेवते. हे लोक आधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. मधुमेह, बीपी असलेल्यांना नकार मिळू शकतो, तेव्हा विमा हाती आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

वालेन्सियाला पोचल्यावर माझा राग वाढलाच. मी स्वतंत्र काम करते, त्यामुळे तिथे ऑटोनोमो म्हणून सामाजिक सुरक्षेत नोंदणी करणं भागच होतं. नव्या माणसाला पहिलं वर्ष महिना ८० युरोंच्या आसपास पडतात आणि त्यात सरकारी दवाखाना येतो. मग खासगी विम्याचे ते पैसे कशासाठी भरले? हे मी घरी फोनवर प्रत्येकाला ऐकवत होते.

माझं मत खांद्याने बदललं. दिवसभर लॅपटॉपवर वाकून उजवा हात वर जाईना, वेणी घालता येईना. सरकारी केंद्रातल्या डॉक्टर चांगल्या होत्या, पण हाडांच्या तज्ज्ञाची तारीख फार लांबची मिळाली. विम्याच्या अ‍ॅपवर त्याच आठवड्यातली मिळाली. एमआरआयला आधी मंजुरी लागते, तीही अ‍ॅपवरच आली. मग फिजिओथेरपी, पुन्हा पुन्हा. दर वेळी रिसेप्शनवर कार्ड दाखवायचं, सही करायची, आत जायचं. पैशाची गोष्ट कोणी काढलीच नाही. कोपागोवाल्या स्वस्त पॉलिसीत प्रत्येक फेरीला काही युरो खिशातून गेले असते, आणि मी स्वतःला ओळखते, मी फेऱ्याच कमी केल्या असत्या. खांदा आज मोकळा आहे तो त्या अटीमुळे. औषधं मात्र यात येत नाहीत, ती पूर्ण किमतीने घ्यावी लागतात. दातांचंही जवळजवळ काहीच नाही.

बाकी देशांच्या नोमॅड व्हिसाचं बरेच जण विचारतात. एस्टोनियाला ३०,००० युरोंचा विमा पुरतो. मलेशियाच्या 'डी रंताऊ'लाही आरोग्य विमा लागतो. जपानने एक कोटी येनच्या विम्याची अट ठेवली आहे, पण तो व्हिसा भारतीय पासपोर्टला मिळतच नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

स्पॅनिश विमा आपोआप नूतन होतो, हेही ध्यानात ठेवा. नको असेल तर मुदत संपण्याच्या किमान महिनाभर आधी लेखी कळवायचं, तिथल्या १९८० च्या विमा करार कायद्यात तसं आहे. मी चालू ठेवतेय.

राहिला तो पहिला विमा. कंपनीचं म्हणणं असं की फाइल परत आली म्हणजे व्हिसा नाकारला गेला असं होत नाही, म्हणून पूर्ण परतावा नाही. हे मला मान्य नाही. 'बीमा भरोसा' या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आहे. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर अहमदाबादला विमा लोकपालांकडे जाणार. तिथे फी नाही, वकील लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज आणि पेन्सिलचा गोल असलेलं सर्टिफिकेट, दोन्हींच्या प्रती जोडल्यात. मागण्या दोन आहेत. माझी पूर्ण रक्कम, आणि माहितीपत्रकावरून 'लाँग-स्टे व्हिसासाठी योग्य' ही ओळ काढून टाकणं.