सीट होती, तिकीट नव्हतं: युरोपच्या रेल्वेच्या नावाखाली आम्हाला कसं फसवलं

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जायचं ठरवलं असेल आणि तिथल्या गाड्यांची तिकिटं कुणा एजंटकडून घेतली असतील, तर त्याने पाठवलेली पीडीएफ आजच उघडा. त्यावर गाडीचा नंबर, डब्याचा नंबर, सीट नंबर, तारीख, वेळ, चौकोनी कोड हे सगळं असेल. आमच्याकडेही होतं. तरीही ते तिकीट नव्हतं.

आपल्या रेल्वेत तिकीट आणि बर्थ एकाच कागदावर येतात. पीएनआर निघाला, कोच आणि सीट दिसली, की प्रवास पक्का. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वेगळ्या विकल्या जातात. तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क. ते घेतलं की बहुतेक गाड्यांत जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. ठरावीक खुर्ची हवी असेल तर वर साधारण पाच युरो भरून ती राखून ठेवायची. ही राखीव जागा तिकिटाशिवायही नुसती विकत घेता येते, कारण काहींकडे आधीच पास असतो, काहींनी तिकीट दुसरीकडून घेतलेलं असतं. सोय चांगली आहे. पण आपल्याकडच्या माणसाला ती माहीत नाही, आणि आम्हाला भेटलेल्या माणसाने आपला सगळा धंदा त्यावरच उभा केला होता.

आमचा बेत छोटा होता. मुंबईहून म्युनिक, तिथून साल्झबर्ग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि शेवटी रोम. मी, नवरा, आई आणि मुलगी. विमान आणि हॉटेलं आम्ही स्वतः बुक केली होती. रेल्वेचं मात्र तीन देशांत पसरलेलं जाळं, प्रत्येकाची वेगळी वेबसाइट, वेगळे नियम, म्हणून ओळखीतून नाव आलेल्या या माणसाकडे ते काम दिलं. बोलायला अतिशय गोड. "ताई, आईंना सामान घेऊन धावपळ नको, मी चौघांना समोरासमोरच्या सीट देतो," असं पहिल्याच फोनवर म्हणाला. आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. मागितलेला मार्ग लगेच लिहून पाठवायचा, गाड्यांच्या वेळा अचूक असायच्या. त्या वेळा आम्ही रेल्वेच्या वेबसाइटवर पडताळल्या, गाड्या खऱ्या होत्या. सीटही खऱ्या होत्या. म्हणूनच हा प्रकार ओळखायला इतका अवघड आहे: त्याने एकही कागद पूर्ण खोटा बनवलेला नव्हता.

पैसे उकळण्यासाठी त्याने व्हिसाची भीती वापरली. "व्हीएफएसला, म्हणजे व्हिसा केंद्राला, फाईल द्यायच्या आधी सगळ्या गाड्यांची पैसे भरलेली तिकिटं लागतात, नाहीतर रिजेक्ट होईल," असं ठासून सांगितलं. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला प्रवासाचा आराखडा लागतो, राहण्याचा पुरावा लागतो, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. मधल्या प्रत्येक गाडीचं पैसे भरलेलं तिकीट लागतं, असा नियम नाही. पण अपॉइंटमेंट जवळ आलेली असताना कुणाची हिंमत होते वाद घालायची? पहिले दोन हप्ते त्याने खात्यावर घेतले, शेवटचा पेमेंट लिंकवर. एकूण रक्कम लाखाच्या वर गेली.

म्युनिकहून साल्झबर्गची गाडी सुटली. प्लॅटफॉर्मवर गेट नाही, कुणी तपासत नाही. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात तपासणी गाडीतच होते. आमच्या सीटवर दुसरं कुणी नव्हतं, जागा आमच्यासाठीच राखलेली होती. म्युनिक ओस्ट हे स्टेशन गेल्यावर तिकीट तपासनीस बाई आल्या. मी फोन पुढे केला. त्यांनी यंत्र धरलं, मान हलवली आणि शांतपणे विचारलं, "ही जागा. तिकीट कुठे आहे?" मी पुढचं पान दाखवलं, त्याच्या पुढचं दाखवलं. त्यांनी आमच्याच फोनवर बोट ठेवून वरची जर्मन ओळ दाखवली, "रिझर्व्हीरुंग". मग तिकिटाला काय म्हणतात ते सांगितलं, "फारकार्टे". तो शब्द आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता.

जर्मनीत वैध तिकिटाशिवाय सापडलं तर प्रत्येकी किमान 60 युरो किंवा नेहमीच्या भाड्याच्या दुप्पट, यातली जी रक्कम जास्त असेल ती लागते. लांब पल्ल्याच्या गाडीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मोबाइलवरून तिकीट काढायची सवलत असते, ती वेळ केव्हाच निघून गेली होती. बाईंनी पासपोर्ट मागितले आणि तिघा मोठ्यांच्या नावाने पावत्या फाडल्या. त्या एका शब्दानेही उद्धट बोलल्या नाहीत. पण डब्यातले लोक बघत होते आणि आई पदर ओठांवर धरून बसली होती. जन्मभर एसटीचंसुद्धा तिकीट न काढता न बसलेली बाई. तिला त्या खुर्चीत विनातिकीट प्रवासी ठरवलं गेलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पैशांचा हिशेब नंतरचा.

गाडीतूनच त्याला फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला. आधी म्हणाला, टीसी नवीन असेल. मग म्हणाला, "ताई, तुमचा युरेल पास वेगळा आहे ना, तो अ‍ॅक्टिव्हेट करायचा राहिलाय. फरकाचे चाळीस हजार पाठवा, दहा मिनिटांत क्यूआर देतो." युरेल म्हणजे युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा एकच पास; त्याचं नाव आम्ही त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. म्हणजे गाडीत अडकलेल्या माणसाकडून आणखी पैसे काढायची तयारी त्याने करून ठेवली होती. नवऱ्याने नकार दिल्यावर फोन कटला, आणि साल्झबर्ग येईपर्यंत दोघांचेही नंबर ब्लॉक झाले.

साल्झबर्गच्या स्टेशनवर तिकीट खिडकीवरच्या तरुणाने आमचे छापील कागद काउंटरवर ओळीने मांडले. आई आग्रहाने सगळं छापून आणायला लावते, त्याचा उपयोग झाला. त्याने पिवळ्या मार्करने एकेक ओळ रंगवली. साल्झबर्ग ते व्हिएन्ना: फक्त सीट. व्हिएन्ना ते व्हेनिस: फक्त सीट. मग त्याने एक कागद उजेडाकडे धरला आणि उजवीकडचा खालचा कोपरा दाखवला. किंमत छापलेली असते त्या जागी कागद भोवतालच्या पट्टीपेक्षा जास्त पांढरा होता. फिकट राखाडी पट्टीवर कुणीतरी पांढरा चौकोन चिकटवावा तसा. पीडीएफमधून किंमत खोडली होती. का, ते सांगायला नकोच. तिथे काही युरोंचा आकडा होता आणि आमच्याकडून घेतले होते हजारो रुपये.

व्हेनिस ते रोमचा कागद वेगळा होता. इटलीतल्या फ्रेच्चारोस्सासारख्या वेगवान गाड्यांत तिकिटातच सीट येते, त्यामुळे जर्मनीतली युक्ती तिथे चालत नाही. तिथे त्याने पासधारकांसाठी असलेलं आरक्षण घेतलं होतं. युरेल पास असलेल्या प्रवाशाला या गाड्यांत सीट सक्तीने राखावी लागते आणि त्यासाठी माणशी दहा-पंधरा युरोंच्या घरात पैसे पडतात. हातात पास नसेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही. आमच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात पासचा उल्लेख होता. चौघांचा सगळा प्रवास धरून त्या माणसाचा खर्च शंभर युरोंच्या आसपास झाला असावा.

पुढची तिकिटं आम्ही तिथेच उभं राहून पुन्हा घेतली. ऐन वेळी घेतलेलं तिकीट महाग पडतं, हे खरं. ऑस्ट्रियात श्पारशीने नावाची स्वस्त तिकिटं असतात, जर्मनीत श्पारप्राइस. काही महिने आधी घेतली तर भाडं निम्म्याहूनही कमी पडू शकतं, फक्त त्याच गाडीला बांधून घ्यावं लागतं. साल्झबर्ग ते व्हिएन्ना वेस्टबान नावाच्या खाजगी कंपनीच्याही गाड्या धावतात, त्यात आम्हाला त्या दिवशी कमी पैशांत जागा मिळाली. आणि ज्या म्युनिक–साल्झबर्ग टप्प्यावर आमचा अपमान झाला, तिथे चौघांसाठी बायर्न तिकीट पुरलं असतं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, दिवसभर, बव्हेरिया या म्युनिकच्या राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांत, आणि ते थेट साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर वापरायचं, एवढीच वेळेची अट. आयसीई, रेलजेट अशा वेगवान गाड्यांत ते चालत नाही. ही माहिती कुठल्याही एजंटला ठाऊक असते. तो ती देत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही.

तुमच्याकडे असे कागद असतील तर काय बघायचं ते सांगते. कागदावर प्रवाशाचं नाव आहे का? नुसत्या राखीव जागेच्या कागदावर बऱ्याचदा नाव नसतं. किंमत छापलेली आहे का? नसेल तर विचारा, आणि मूळ ईमेल जशीच्या तशी फॉरवर्ड करायला सांगा. स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ चालवून घेऊ नका. जर्मन रेल्वेचं तिकीट असेल तर डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये ऑर्डर नंबर आणि आडनाव टाकून ते आपल्या फोनवर ओढून घ्या. युरेल पास दिला आहे असं कुणी म्हणत असेल तर रेल प्लॅनर अ‍ॅपमध्ये पास नंबर आणि आडनाव टाकल्यावर तो दिसला पाहिजे. इंटररेल पास मिळतोय, स्वस्त आहे, असं म्हणत असेल तर तिथेच फोन ठेवा, तो युरोपात राहणाऱ्यांसाठीच आहे. आणि खरं तिकीट दिसलं तरी निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा बघा. रद्द करता येणारी महाग तिकिटं काढायची, गिऱ्हाईकाला पाठवायची आणि मग गुपचूप रद्द करून पैसे परत घ्यायचे, हाही एक प्रकार आहे. बुकिंग ज्याच्या खात्यातून झालं त्याच्याच हातात ते रद्द करणं असतं. म्हणून शक्य असेल तर एजंटला शेजारी बसवा, पण बुकिंग तुमच्या ईमेलवरून आणि तुमच्या कार्डावरून करा. त्याची फी वेगळी द्या. जो खरोखर काम करतो तो याला नाही म्हणणार नाही.

त्याने दिलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक होता. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर भलत्याच व्यवसायाचं, भलत्याच जिल्ह्यातलं नाव निघालं. ही तपासणी फुकट आहे आणि मिनिटभरात होते.

तक्रारीचं सांगायचं तर, माझ्या भावाने नाशिकहून त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे खात्यात अडवण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. ज्यांना फसवणूक लगेच कळली आहे त्यांनी एक तासही वाया घालवू नये, पैसा खात्यात असेपर्यंतच तो गोठवता येतो. शेवटचा हप्ता क्रेडिट कार्डावरून गेला होता. त्याचा वाद बँकेकडे लेखी मांडला, सोबत तपासनीस बाईंनी दिलेल्या पावत्या आणि खिडकीवर पुन्हा घेतलेली तिकिटं जोडली, आणि तेवढी रक्कम परत जमा झाली. दंडाची पावती मिळाली तर रागाने फाडून टाकू नका. दंड मुदतीत भरा आणि कागद जपून ठेवा; सेवा दिली गेली नाही याचा त्याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पूर्वीच्या 420 ऐवजी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा येतो. अर्जात "तिकिटं दिली नाहीत" असं मोघम लिहिलं तर समोरचा म्हणतो, दिली होती, हे बघा पीडीएफ. त्यामुळे तिकीट आणि राखीव जागा यातला फरक पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि खोडलेल्या किमतीचा फोटो लावा. ग्राहक आयोगातही दावा केला आहे. 2019 च्या कायद्याने तो आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो.

आमच्यानंतर त्याच माणसाकडून पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅमची तिकिटं घेतलेलं एक कुटुंब भेटलं. त्यांचं विमान अजून सुटायचं होतं. आम्ही कागद शेजारी ठेवून पाहिले: तोच पांढरा चौकोन, त्याच कोपऱ्यात. त्यांनी त्याच रात्री बँकेला कळवलं आणि स्वतःची तिकिटं काढून गेले. त्यांची तक्रारही आता आमच्याच पोलीस ठाण्यात, आमच्या अर्जासोबत आहे.