बेळगावात टिळकवाडीतलं एक्स-रे सेंटर, बिनधास्त जावा

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेलेलो, रिपोर्ट लगेच मिळाला पण मला सगळ्यात आवडलं म्हणजे एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स रिसेप्शनलाच लावलंय आणि टेक्निशियनच्या छातीला टीएलडी बॅज होता, त्यावरनं त्याला किती रेडिएशन लागलं ते दर तीन महिन्यांनी मोजतात, पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्टच्या (हे रेडिएशन मोजायचं एकक) वर जाऊन चालत नाही. मी आईजवळ थांबतो म्हटलं तर "गरज नाही, बाहेर थांबा" असं सरळ सांगितलं, हेच पाहिजे की! मंडळ 1983 पासून आहे तरी आपल्याकडं लायसन्स बघतंय कोण? पार्किंगचं मात्र अवघड आहे. गरोदर बायकांनी आधी सांगावं ही सूचना फक्त कन्नड-इंग्लिशमध्ये आहे, मराठीत पण लावा प्लीज.